त्रुटीबाई

बाईंच्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली गेला. त्यांनी दाबला नव्हता. पाय नुसता वर टेकवलेला होता, असावा म्हणून; आणि कुणी तरी खालून ओढून घ्यावी तशी ती पट्टी खोल गेली, गाडीने नाक घासल्यासारखं केलं, आणि समोरून आडवा गेलेला सायकलवाला मान वळवून काही तरी बोलला. काचा बंद होत्या म्हणून ऐकू आलं नाही, ते बरंच झालं. शेजारच्या सीटवर सून बसली होती. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि तो दाबला की शिकणाऱ्याचाही दाबला जातो. बाईंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी स्वतःच्या तळव्याखालची वस्तू आपल्याला न विचारता हलली की जो दचका बसतो, तो माहीत असण्याने कमी होत नाही.

"आई, लक्ष कुठंय तुमचं?"

"तू बोललीस तिकडे."

"मी काय एवढं बोलले?"

ती एवढंच बोलली होती की मला विमान चालवायला शिकायचंय. आरसा नीट करा, असं सांगावं त्या सुरात. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, बाईंनी गिअर टाकला, गाडी दोनदा उडी मारून बंद पडली. सून हसली नाही. तिचं हे एक होतं. शिकणाऱ्याची गाडी बंद पडली की ती खिडकीबाहेर बघायची, जणू गाडी तिथे थांबवायची असंच ठरलं होतं. सात वर्षं ती लोकांना गाडी शिकवत होती. घाबरट नवरदेव, निवृत्त मास्तर, ट्रकचं लायसन काढायला आलेले दांडगे गडी, आणि आता एकसष्टाव्या वर्षी हट्टाला पेटलेल्या बाई. घरी आल्यावर चहा पिताना तिने उरलेलं सांगितलं. गेले आठ महिने ती चौकशा करत होती. बँकेने कर्जासाठी विचारलं, घर कुणाच्या नावावर आहे. तिने कागद गोळा केले आणि ती उठून आली. एका संस्थेने सांगितलं, तुमचं वय बसत नाही. दुसरीने सांगितलं, बसतं, पण मुलगा असता तर बरं झालं असतं. "सरकारचं काही असतं का हो अशाला?" तिने कपाकडे बघत विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत असेल म्हणून."

बाईंना माहीत नव्हतं. ते त्यांना लागलं. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज तपासण्यात काढली होती. अर्ज यायचा, बाई चष्मा खाली घ्यायच्या, आणि जिथे इतरांना पान दिसायचं तिथे त्यांना भोक दिसायचं. सही आहे, तारीख नाही. तारीख आहे, शिक्का पुसट. शिक्का ठसठशीत, पण पान क्रमांक चार कुठाय? लाल शाईने समासात ‘त्रुटी’ असं लिहून त्या अर्ज परत पाठवायच्या. कचेरीत त्यांना पाठीमागे त्रुटीबाई म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागले, आणि निरोपसमारंभात साहेबांनी भाषणातच म्हटलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने बाईच हसल्या होत्या. घरी येऊन मात्र त्या बराच वेळ पुष्पगुच्छाच्या कागदाची नीट घडी घालत बसल्या होत्या. तेव्हा मुलगा घरी होता. "आई, आता आमच्या त्रुटी काढ," असं तो म्हणाला होता. नंतर वर्षाच्या आत तो परदेशी नोकरीला गेला, आणि नंतर आणखी सहा महिन्यांनी तिकडून एक संथ, समजूतदार, आधी लिहून काढल्यासारखा फोन आला की तिथे दुसरं कुणी तरी आहे.

दुसऱ्या दिवशी बाई कचेरीची जुनी पिशवी घेऊन निघाल्या. विमानाच्या खात्यात सांगितलं, शिक्षणाकडे जा. शिक्षण म्हणालं, हे युवक कल्याणात असेल. युवक कल्याणात एकजण जेवायला गेला होता आणि दुसरा त्याची वाट बघत होता. बाईंना त्याचा राग आला नाही. उलट, जिन्यातला ओल्या फायलींचा वास नाकात गेला आणि त्यांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. सरकारात पैसा नसतो असं नाही, तो कुठल्या कपाटात ठेवलाय हे ठेवणाऱ्याला आठवत नाही, एवढंच. हे त्यांचं जुनं मत होतं. आपल्या जुन्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, धाकटी आता खिडकीवर बसत होती. धाकटी म्हणजे बाईंच्या हाताखाली उमेदवारी केलेली. तिचेही केस आता कानापाशी पांढरे झाले होते, पण नाव तेच राहिलं होतं. "विमानाचं? आपल्याकडे? छे हो बाई," ती म्हणाली, आणि तरी शेजारच्या अभिलेखाच्या खोलीची किल्ली दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी, ‘क्रीडा’ असं लिहिलेल्या गठ्ठ्यात, कुस्तीचे आखाडे आणि पोहण्याचे तलाव यांच्यामध्ये ते परिपत्रक सापडलं. फार पूर्वी कधी तरी बिनइंजिनाची विमानं उडवणं हा खेळ धरला होता, आणि त्या खेळाच्या शेपटीला धरून वैमानिक प्रशिक्षणाची योजना तिथेच राहून गेली होती. वर्षाला वीस जागा. संपूर्ण खर्च शासनाचा. वय अर्जाच्या दिवशी अठ्ठावीसच्या आत. गेल्या वर्षी अर्ज आले होते सहा. अजून पंधरा दिवस होते, आणि सुनेला अठ्ठावीस पूर्ण व्हायला दोन महिने. बाई तीन मजल्यांचा जिना इतक्या भराभर उतरल्या की खाली येऊन त्यांना कठड्याला धरून उभं राहावं लागलं. आनंद झाला होता. तो कशाचा, ते त्यांनी तेव्हा पाहिलं नाही. शोधलं आणि सापडलं, याचाच असावा.

मग घर कागदांनी भरलं. सून सकाळी दोन तास गाडी शिकवायची, मग रांगेत उभी राहायची, संध्याकाळी परत शिकवायला. रहिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, डॉक्टरचं प्रमाणपत्र. डोळे तपासून आली तेव्हा बाहुल्या औषधाने एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की ती दारातच चाचपडली. बाईंनी तिला हात धरून खुर्चीत बसवलं. "दिवा घालवा ना," ती म्हणाली, आणि त्या तशाच अंधुक खोलीत दोघी बसल्या. ती सांगत राहिली की डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं, त्यात आकडे लपलेले असतात, आणि तिला सगळे दिसले, एकूण एक. "तुम्ही असतात तर ठिपक्यातही त्रुटी काढली असती." बाई हसल्या. तिचा तळहात अजून त्यांच्या हातात होता. स्टिअरिंगने बोटांच्या मुळाशी घट्टे पडलेले, गरम. बाईंना तो दिवस आठवला, न्यायालयातला, घटस्फोटाच्या निकालाचा. पाच महिने झाले. वकिलाने सांगितलं, झालं, आता तुमचा काही संबंध नाही. दोघी बाहेर आल्या. पायऱ्यांवर सून थांबली, पिशवीतून घराची किल्ली काढली आणि हातात धरून नुसती उभी राहिली, द्यायची की ठेवायची हे न कळल्यासारखी. बाई म्हणाल्या होत्या, "चल, बस चुकेल." एवढंच. ती किल्ली परत पिशवीत गेली आणि दोघी एकाच बसने घरी आल्या. त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. बोलायचं काय? सकाळी उठल्यावर दोन माणसांचा चहा टाकायचा, एवढं बोलणं रोज होतच होतं.

शेवटची तारीख शुक्रवार. बुधवारी दुपारी सुनेने सगळा अर्ज क्रमाने लावून बाईंच्या पुढ्यात ठेवला. "एकदा नजर घाला. मग शुक्रवारी सकाळी देऊन टाकते." ती आरशापुढे केस बांधत होती, दोन पिना दातात. बाईंनी चष्मा खाली घेतला. पहिलं पान, दुसरं पान. सहावं पान उलटताना त्यांचं बोट थांबलं. गुणपत्रिका माहेरच्या नावाची. दाखले सासरच्या नावाचे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असं प्रतिज्ञापत्र जोडलेलं नव्हतं. ही त्रुटी धाकटीच्या नजरेतून सुटणार नाही. ती बाईंनीच तिला शिकवली होती. शुक्रवारी खिडकीवर अर्ज परत येईल, शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी मुदत संपलेली. पुढच्या वर्षी वय संपलेलं. हे सगळं एका क्षणात, गणित आपोआप सुटावं तसं, बाईंच्या डोक्यात मांडलं गेलं.

"ठीक आहे ना सगळं?" पिना दातात असल्यामुळे शब्द चेपून आले.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या.

ती गेली. जिन्यात तिच्या किल्ल्यांचा आवाज तीन मजले खाली जाईपर्यंत येत राहिला, रोज येतो तसा, आणि बाई अर्जापुढे बसून राहिल्या. आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलं नाही. आपण काही बोललोच नाही, असं वाटलं. उद्या सांगू. उद्याही वेळ आहे. उन्हाची पट्टी जमिनीवरून कागदांवर आली, मग भिंतीवर चढली. त्यांनी उठून कपबश्या विसळल्या. सुनेचा टॉवेल दोरीवरून काढला, घडी घातली, उलगडला, पुन्हा घातली. ती गेली तर दोरीवर एकच टॉवेल राहील. किती साधी गोष्ट. नवरा गेला तेव्हा मुलगा होता, मुलगा गेला तेव्हा ही होती. असं एकाच्या पाठीला एक लागून आलं होतं, आणि आता हिच्या मागे कुणी नव्हतं. आणि त्रुटी काही बाईंनी केली नव्हती. ती कागदात होतीच. खरोखर होती. त्या फक्त एकदा, आयुष्यात एकदा, न पाहता राहिल्या असत्या. कुणाला कळलं असतं? हिला तर नाहीच. ही रडली असती, बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली असती. बाईंनी तिचे केस कुरवाळले असते. ते चित्र इतकं स्पष्ट दिसलं, केसांच्या तेलाच्या वासासकट, आणि इतकं गोड वाटलं, की बाई दचकून उठल्याच. कधीकाळी एक म्हातारा लेकीचा अर्ज घेऊन आला होता, लांबून, धुळीने भरलेला; त्याचं एक पान कमी होतं, बाईंनी लाल शाईने लिहून तो परत दिला, तो नमस्कार करून गेला आणि पुन्हा आला नाही. त्याच्याबद्दल बाईंना कधी अपराधी वाटलं नव्हतं. पान कमी होतं, त्यांनी सांगितलं. सांगितलं होतं! निदान सांगितलं तरी होतं.

संध्याकाळी सून आली, थकलेली. जेवली, लवकर झोपली. बाई बोलल्या नाहीत. सकाळी ती सहाला गेली. अकरा वाजता बाई चपला घालून निघाल्या.

ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान गावाबाहेर, एका बंद कारखान्याच्या मागे. सून तिथे उन्हात उभी राहून एका ट्रकला मागे घ्यायला लावत होती. ट्रकमध्ये तिच्या दुप्पट गडी, घामाघूम. "येऊ दे, येऊ दे, अजून, थांब! आरशात बघ, माझ्याकडे नको बघू. मी रोज नसणारे तुझ्या मागे." ती दोन्ही हात वर करून त्या एवढ्या धुडाला बोटांनी इकडेतिकडे करत होती. बाई कुंपणापाशी उभ्या राहिल्या. हिला आपण कामावर कधी पाहिलंच नव्हतं, शेजारच्या सीटवरून सोडून. बाईंना एकदम तिचा अभिमान वाटला, आणि त्याच्या पाठोपाठ, कान तापले इतकी, लाज.

"आई? इकडे कशा? काय झालं?"

"अर्जात त्रुटी आहे," बाई म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. दोन नावं, प्रतिज्ञापत्र, मुद्रांकाचा कागद, कुठे मिळेल, कुठल्या वकिलाचा शिक्का चालेल.

सुनेने घड्याळ पाहिलं. "होईल. चारपर्यंत होईल." मग थांबली. "तुम्हाला कधी दिसलं हे?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं.

"काल दुपारी. तू विचारलंस तेव्हा."

ट्रकवाल्याने वरून विचारलं, "मॅडम, बंद करू का इंजिन?" तिने त्याला हातानेच थांबवलं. ती बाईंकडे बघत होती. ठिपक्यांतले आकडे शोधत असल्यासारखे तिचे डोळे बाईंच्या तोंडावरून फिरले आणि त्यांना जे दिसायचं ते दिसलं.

"तुम्ही नुसतं म्हणायचं होतं, आई. जाऊ नको, म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नसते राहिले." तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. तिचा आवाज कापत होता, रागानेच कापत होता. "पण मला ऐकायला मिळालं असतं ना. कुणी तरी कधी तरी मला जाऊ नको म्हणालं असतं."

बाईंनी तिच्या दंडाला धरलं. "जाऊ नको," त्या म्हणाल्या. आणि मग लगेच, तिला हलवत, "पण आता चल. वकील जेवायला जायच्या आत गाठायला हवा. या बाबाला सांग बंद करायला. नुसतं तेल जाळतोय."

सून एकदम हसली. हसता हसता नाक ओढलं. गाडीत मात्र वाटभर ती बोलली नाही, आणि बाईंनीही तिला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. तेवढा राग तिचा हक्काचा होता.

शुक्रवारी खिडकीवर धाकटीने अर्ज उलटापालटा केला. बाई बाहेरच्या बाजूला उभ्या होत्या. एकतीस वर्षांत त्या बाजूने ती खिडकी कधी पाहिली नव्हती. किती उंच होती. माणसाला टाचा उचलाव्या लागत. प्रतिज्ञापत्र पाहून धाकटीने मान डोलावली, पानं मोजली, आणि शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं. "बाई, हे काय? जामीनदार तुम्ही. सही आहे. ‘अर्जदाराशी नाते’, इथे काहीच नाही. रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"लिहा ना, सासू," सून म्हणाली.

"तसं लिहिता येत नाही. निकालाची प्रत तूच जोडलीयस मागे."

"मग मैत्रीण?" धाकटी म्हणाली. "परिचित?"

परिचित! बाईंनी पेन घेतलं. मागे रांगेत कुणी तरी खाकरलं. एकतीस वर्षं लोकांनी या रकान्यात वडील, काका, मामा, भाऊ असं लिहिलं होतं आणि बाईंनी पाव सेकंदही न थांबता पान उलटलं होतं. त्यांनी टाच उचलली, कागद धरला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: एका घरात राहतो.

धाकटीने वाचलं. पुन्हा वाचलं. "बाई, हे नातं आहे का?"

"नसेल तर तपासायला ये घरी," बाई म्हणाल्या. "केव्हाही ये. पण आत्ता शिक्का मार."

धाकटीने सुनेकडे पाहिलं, सुनेने पंख्याकडे पाहिलं. शिक्का बसला.

यादी लागायला सात आठवडे लागले. त्या वर्षी अर्ज अकरा आले होते, पण वैद्यकीय तपासणीत आणि मुलाखतीत गळता गळता सात निवडले गेले. सुनेचं नाव पाचवं होतं. तिला जायचं होतं तिथे रात्रभराचा प्रवास. निघताना तिने बाईंना आणखी चार धडे देऊन टाकले, आणि बाई लायसनच्या परीक्षेत एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झाल्या. घरात एक टॉवेल राहिला. ते जसं वाटेल असं वाटलं होतं तसंच वाटलं. काही कमी नाही. पहिले पंधरा दिवस बाई चहा दोन माणसांचा टाकायच्या आणि दोन्ही कप स्वतःच प्यायच्या, रागावल्यासारख्या. रोज संध्याकाळी फोन यायचा. आज वारा होता, उडू दिलं नाही. आज उतरताना चाक टेकलं आणि पुन्हा वर गेलं, सर ओरडले. आज एकटीने गेले, आई, पहिल्यांदा, शेजारची सीट रिकामी होती. "भीती वाटली?" "वर नाही वाटली. खाली आल्यावर वाटली." बाईंनी त्या दिवशी शेजारणीला बोलावून सांगितलं आणि सांगताना वाऱ्याच्या वेगाबद्दल दोन-तीन गोष्टी चुकीच्या सांगितल्या.

पाच महिन्यांनी ती चार दिवसांच्या सुट्टीवर आली. सकाळी आली, उन्हाने रापलेली, गालाची हाडं वर आलेली. बुटांसकट आत आली, "आई, पाच मिनिटं पडते," म्हणाली आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी झाली ती झोपलीच. बाईंनी तिचे बूट काढले. लेस फार घट्ट होती. दुपार झाली तरी ती उठली नाही. बाई समोर खुर्ची घेऊन बसल्या. तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबकळलेला, बोटं मधूनच हलत होती, झोपेत काही धरत असल्यासारखी.

फोन वाजला. बाईंनी पहिल्या घंटीला उचलला. मुलगा होता. तब्येत कशी आहे, गुडघा कसा आहे, तिकडे थंडी पडलीय. बाई हळू आवाजात हो-नाही म्हणत होत्या.

"आई, एवढं दबक्या आवाजात का बोलतेस? बरं नाही का?"

"झोपलीय ती. उठेल."

"कोण झोपलीय?"

दिवाणावर सुनेने कूस बदलली. खिडकीतलं ऊन तिच्या डोळ्यांवर येऊ पाहत होतं. बाईंनी फोन कानाशी तसाच धरून हात लांब केला आणि पडदा ओढला. आपली, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. लहानपणापासून या मुलाशी बोलताना घर आपलं, दार आपलं, सगळं आपलं. त्या थांबल्या.

"आमची," त्या म्हणाल्या.